सीपॅप तीन रात्रींत कपाटात गेलं; आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे मिस्टर 46 वर्षांचे आहेत. खूप घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी हवं तसं खाली येत नाही. झोपेची तपासणी केली तेव्हा एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकला तो आकडा) 38 आला, ऑक्सिजन 76 टक्क्यांपर्यंत उतरला. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लावायला सांगितलं. तीन रात्री लावलं. गुदमरल्यासारखं होतं, तोंड कोरडं पडतं, हवा डोळ्यांवर येते, म्हणून काढून ठेवलं. ते म्हणतात, मला तर छान झोप लागते, घोरणं हा काय आजार आहे का? ऑपरेशन करून एकदाचं मिटवता येणार नाही का? की हे मशीन जन्मभर लावायचं?"

ताई, आधी मशीन कपाटातून बाहेर काढा. हा झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा आजार आहे, स्लीप अॅप्निया, आणि हा रिपोर्ट बाजूला ठेवण्यासारखा नाही. आणि मशीनबद्दल तुम्ही ज्या तीन तक्रारी लिहिल्या आहेत, त्या तिन्ही रोजच्या ओपीडीत ऐकू येणाऱ्या आहेत आणि तिन्हींवर इलाज आहे. मशीन सोडून दिलेल्यांपैकी बहुतेकांना ते सोसत नव्हतं असं नसतं. ते बसवून देताना आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांच्याकडे कोणी नीट लक्ष दिलेलं नसतं.

पण ते सांगण्याआधी "मला छान झोप लागते" याबद्दल. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, म्हणून ती सहसा मिटत नाही. तिच्या वरचा घसा, म्हणजे टाळूच्या आणि जिभेच्या मागचा भाग, याला असा आधार नाही. त्याच वाटेने गिळायचं असतं, बोलायचं असतं, त्यामुळे तो मऊ आणि हलता असावाच लागतो. जागेपणी स्नायू ताणलेले असतात म्हणून तो उघडा राहतो. झोप लागली की स्नायू सैल होतात, उताणं झोपलं तर जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. अशा अरुंद वाटेतून छाती हवा ओढू लागली की घशाच्या भिंती आत खेचल्या जातात. ओला झालेला कागदी स्ट्रॉ जोरात ओढला की चिकटतो, तसंच. भिंती थरथरतात तेव्हा घोरणं ऐकू येतं. पूर्ण चिकटल्या की आवाज बंद. ती शांतता हीच खरी काळजीची वेळ. त्या वेळी नीट पाहिलंत तर छाती आणि पोट हलताना दिसेल, पण नाकापाशी हात धरला तर हवा लागणार नाही.

ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात आणि मोठा फुत्कार टाकून श्वास सुरू होतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी ती आठवत नाही. म्हणूनच ते मनापासून म्हणतात की झोप छान लागली. या आजारात रुग्णाच्या शब्दापेक्षा शेजारी झोपणाऱ्या माणसाचं सांगणं जास्त कामाचं ठरतं. पुढच्या भेटीला जाताना त्यांच्या झोपेचा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. डॉक्टरांना तर तो उपयोगी पडेलच, पण मिस्टरांना स्वतःला तो दाखवा. स्वतःचा श्वास थांबलेला डोळ्यांनी पाहिला की "घोरणं हा काय आजार आहे का" हा वाद बहुधा संपतो.

आता रिपोर्ट. एएचआय म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास पूर्ण थांबण्याच्या आणि बराच मंदावण्याच्या घटना किती झाल्या, तो आकडा. घटना किमान 10 सेकंदांची असेल तरच मोजतात. मोठ्यांमध्ये 5 च्या खाली सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. 38 म्हणजे सात तासांच्या झोपेत अडीचशेहून जास्त वेळा, सरासरी दर दीड-पावणेदोन मिनिटांनी एकदा. त्यात ऑक्सिजन 76 पर्यंत. जागेपणी बोटाला लावलेल्या यंत्रावर 76 दिसलं असतं, तर तुम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं असतं.

तरी एकट्या एएचआयवर सगळं ठरवू नका. रिपोर्टमध्ये आणखी चार गोष्टी शोधा. ऑक्सिजन 90 च्या खाली एकूण किती वेळ होता. मला हा आकडा सगळ्यात कमी ऑक्सिजनपेक्षाही जास्त सांगून जातो. उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा एएचआय वेगळा दिला आहे का. स्वप्नांच्या झोपेत तो किती वाढला. आणि घटना अडथळ्याच्या आहेत की 'सेंट्रल', म्हणजे मेंदूनेच श्वासाची सूचना न दिल्याच्या. हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हा अडथळ्याचाच आजार वाटतो, पण हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामक औषधं चालू असतील, तर सेंट्रल प्रकार असू शकतो आणि तिथे उपचाराचा सगळा विचार बदलतो. तपासणी घरी केली असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा: घरच्या छोट्या यंत्रात बहुधा मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत, त्यामुळे माणूस जागा पडून असलेला वेळही भागाकारात जातो आणि एएचआय खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

बीपी खाली न येण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. निरोगी माणसाचं बीपी रात्री साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतं. यांच्या शरीरात मात्र दर दोन मिनिटांच्या आत अॅड्रेनालिनचा फटका बसतो, म्हणून बीपी उतरण्याऐवजी चढतं आणि तो ताण दिवसाही उरतो. गोळ्या वाढवूनही बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेतल्या श्वासाची चौकशी व्हायलाच हवी. अनियमित ठोके, पक्षाघात आणि टाइप 2 मधुमेह यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे.

त्यांना रात्री लघवीला उठावं लागतं का, हेही विचारा. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीतला दाब खाली जातो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि ते लघवी वाढवणारं एक संप्रेरक सोडतात. कित्येक जण यासाठी प्रोस्टेटच्या गोळ्या घेत राहतात. मशीन नीट लागलं की ही उठबस बरीच कमी होते, आणि रुग्णाला स्वतःला जाणवणारा पहिला फायदा अनेकदा हाच असतो.

आता मशीनकडे वळू. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, आणि ते त्यांच्यासाठी श्वासही घेत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडून ते घसा उघडा धरतं, इतकंच. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं. आजचं मशीन उशापाशी मावतं, फार आवाज करत नाही आणि पाण्याच्या 4 ते 20 सेंटिमीटर इतका दाब देतं.

गुदमरणं. याची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि ती ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. एक म्हणजे चेहऱ्यावर काही बांधलं की होणारी घुसमट. त्यासाठी रात्रीची वाट पाहू नका. संध्याकाळी बसून टीव्ही बघताना मास्क पट्टे न लावता नुसता हाताने नाकावर धरायचा, केव्हाही काढता येईल असा. दोन-तीन दिवसांनी पट्टे लावून, मग मशीन चालू करून वीस-तीस मिनिटं. जागेपणी कंटाळा येईपर्यंत सराव झाला की मग झोपेत लावायचा. मोठा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला असेल तर तो बदलून नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशीसारखा मास्क मागून पाहा. घुसमट होणाऱ्यांना तो बराच सुसह्य वाटतो.

दुसरं कारण म्हणजे हवा खरोखरच कमी पडणं. मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते. सुरुवातीला दाब 4 वर ठेवून तो हळूहळू वाढवतात. हेतू चांगला आहे, पण अंगाने भरलेल्या मोठ्या माणसाला 4 वर पुरेशी हवा मिळाल्यासारखं वाटत नाही. दाब जास्त म्हणून त्रास होतोय असं सगळे समजतात आणि प्रत्यक्षात तो कमी असतो. सुरुवात 6 किंवा 7 वर नेली की अनेकांची तक्रार तिथेच थांबते. उलट, श्वास सोडताना हवेचा विरोध वाटत असेल तर त्या क्षणापुरता दाब कमी करणारी सोय बहुतेक मशीनमध्ये आहे, ती सुरू करून घ्या. आणि हे विचारा की मशीन सरसकट 4 ते 20 वर सोडून दिलं आहे का. असं फार वेळा होतं. त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ही कक्षा आवळली की दाबाचे चढउतार कमी होतात आणि झोप शांत लागते. हे बदल मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावेत, मनाने नव्हे.

तोंड कोरडं पडणं म्हणजे हवा नाकातून आत येऊन तोंडातून बाहेर निसटते आहे. बहुधा नाक चोंदलेलं असतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे काही आठवडे नियमित मारणं यानेच निम्मं काम होतं. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरची पातळी वाढवा, शक्य असेल तर गरम होणारी नळी घ्या; थंड खोलीत साध्या नळीत पाणी साचून ते चेहऱ्यावर उडतं. तरीही तोंड उघडंच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क. ओठांवर चिकटपट्टी लावायचा सल्ला हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतो. नाक चोंदलेल्या, श्वास अडकणाऱ्या माणसाचं तोंड चिकटवू नका.

डोळ्यांवर येणारी हवा ही नाकाच्या वरच्या बाजूची गळती. तिच्यावर सगळे एकच उपाय करतात, पट्टे आवळतात, आणि गळती वाढते. मास्कची गादी हवेने फुगून त्वचेला चिकटते. जास्त आवळलं की ती चुरगळते, बाजूला फट पडते आणि नाकावर लाल वळ उठतो तो वेगळाच. करायचं असं: अंथरुणावर झोपा, मशीन चालू करा, पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित वर उचलून पुन्हा टेकवा म्हणजे गादी फुगेल, आणि मग गळती थांबेल इतपतच पट्टे ओढा. बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर गळतो, कारण झोपल्यावर गालांचा आकार बदलतो. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावलेलं नको. गादी रोज सौम्य साबणाने पुसून घ्या. तरीही जमलं नाही तर माप चुकलं आहे, मास्क बदलून मागा. मास्क ही चपलेसारखी मापाचीच वस्तू आहे, एक नाही बसला म्हणजे उपचारच जमला नाही असं होत नाही.

रात्री तीन वाजता जाग आली की मास्क काढून उरलेली झोप तशीच घ्यायची, हेही अनेक जण करतात. पण स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेच्या भागात असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात. म्हणजे श्वास सगळ्यात जास्त अडकण्याच्या वेळीच मशीन बंद. मास्क काढला तर पुन्हा लावून झोपायचं. दुपारच्या डुलकीलाही लावायचा.

मशीन स्वतःच नोंद ठेवतं. वापराचे तास, गळती आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय हे तीन आकडे पहिल्या आठवड्यात एकदा आणि महिन्याने एकदा डॉक्टरांनी बघितले पाहिजेत. उरलेला एएचआय 5 च्या खाली असावा. कोणी आपणहून बोलावलं नाही तर तुम्ही मशीन घेऊन जा.

यातून काय मिळेल, हे मी जसं आहे तसं सांगतो. दिवसाची पेंग, सकाळची डोकेदुखी, चिडचिड, रात्रीची उठबस यांत फरक पडतो, आणि कित्येकांना तो काही दिवसांतच जाणवतो. बीपी सरासरीने थोडंच उतरतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्यांमध्ये जरा जास्त. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. हार्ट अॅटॅक टळेल असं वचन मी देत नाही. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे 2,700 जणांवरचा 'सेव्ह' नावाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सीपॅपने असे झटके कमी झाले नाहीत. त्यातल्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं, त्यामुळे पूर्ण रात्रीच्या वापराचा प्रश्न त्यातून सुटलेला नाही. तुमच्या मिस्टरांना मी मशीन लावाच म्हणतो ते त्यांच्या ऑक्सिजनसाठी, बीपीसाठी आणि जागेपणीच्या आयुष्यासाठी.

ऑपरेशन. "एकदाचं मिटवू" या आशेने टाळूचं ऑपरेशन करून घेतलेले आणि काही वर्षांनी परत आलेले रुग्ण मी बरेच पाहिले आहेत. घसा एकाच जागी बंद होतो असं नाही. टाळू, जिभेचा मागचा भाग, बाजूच्या भिंती, सगळेच थोडेथोडे आत येतात. टाळू कापून घोरण्याचा आवाज जातो, घरातले निर्धास्त होतात आणि श्वास मात्र आवाज न करता अडकत राहतो. म्हणून कोणतंही ऑपरेशन केलं तरी काही महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करायलाच हवी. अर्थात ऑपरेशनला जागा आहे. टॉन्सिल खूप मोठे असतील तर मोठ्यांनाही फायदा होतो. लहान मुलांमध्ये तर टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) काढणं हाच बहुधा पहिला उपचार. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, अंथरूण ओलं करतं, वर्गात चंचल असतं, तर ही शंका घ्या. दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन परिणामकारक आहे, पण मोठं आहे. जिभेच्या नसेला झोपेत सूक्ष्म विद्युत संकेत देणारं, छातीत बसवायचं उपकरण अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झालं. निवडक रुग्णांना ते उपयोगी पडतं. नाकाच्या वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनने आजार क्वचितच जातो, पण नाक मोकळं झाल्याने मशीन सोसू लागतं, आणि तेवढ्यासाठी ते करणं योग्य ठरू शकतं.

इतकं सगळं करून मशीन नाहीच जमलं, तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांवरची पट्टी हा माझा पुढचा पर्याय. तीव्र आजारात ती सीपॅपइतका एएचआय कमी करत नाही, पण रात्रभर तोंडात राहणारी पट्टी कपाटातल्या मशीनपेक्षा नक्कीच चांगली. ती या कामाचा अनुभव असलेल्या दंतवैद्याकडून मापाने करून घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या तयार पट्टीवर 38 चा एएचआय सोपवू नका. पुरेसे घट्ट दात हवेत, आणि काही वर्षांत दातांची ठेवण थोडी सरकू शकते हेही आधी माहीत असावं.

वजन जास्त असेल तर ते कमी करणं मशीनच्या बरोबरीने आजच सुरू करायचं. साधारण 10 टक्के वजन घटलं तर एएचआय सुमारे चतुर्थांशाने उतरतो आणि तेवढंच वाढलं तर त्याहून थोडा जास्त चढतो. लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालं आहे; त्याचा विचार तुमच्या डॉक्टरांशी बोलून करता येईल. पण वजन उतरायला महिने लागतात आणि त्या सगळ्या रात्री श्वास अडकतच असतो, म्हणून "आधी वजन कमी करतो, मग बघू" हे मान्य करू नका. ते सडपातळ असतील तर आजार खोटा असंही नाही. आखूड किंवा मागे गेलेली हनुवटी आणि लहान जबडा एवढंही पुरतं. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

दारू घेत असतील तर झोपण्याआधीचे चार तास अजिबात नाही. ती घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि जाग येण्यालाही उशीर लावते. झोपेच्या गोळ्या स्वतःहून नकोत, त्याच कारणाने.

जन्मभर लावायचं का? सीपॅप आजार बरा करत नाही. ज्या रात्री लावलं नाही, त्या रात्री श्वास पुन्हा अडकणार. बरंच वजन उतरलं, जबड्याचं ऑपरेशन यशस्वी झालं, तर काहींचं मशीन सुटतं. पण ते पुन्हा तपासणी करून, "आता बरं वाटतंय" एवढ्यावर नव्हे. बरं वाटतं ते बहुधा मशीनमुळेच. कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगा आणि मशीन सोबत न्या.

ताई, तुमच्या स्वतःबद्दलही एक विचारतो. बायकांमध्ये, विशेषतः पाळी थांबल्यावर, हा आजार कितीतरी वेळा जोरदार घोरण्याऐवजी सततचा थकवा, रात्री वारंवार जाग आणि उदासी या रूपाने येतो आणि मग निद्रानाश किंवा नैराश्य समजून वर्षानुवर्षं औषधं चालतात. तुम्हाला यातलं काही असेल तर तुमचीही तपासणी करून घ्या.

आणि ते गाडी चालवत असतील तर हे आज रात्रीपासून पाळा. मशीन नियमित लागून दिवसाची पेंग थांबेपर्यंत लांबचा प्रवास आणि रात्रीचं ड्रायव्हिंग बंद. सिग्नलला, मीटिंगमध्ये, जेवल्यावर बसल्याबसल्या डोळा लागत असेल, तर जवळचं अंतरही दुसऱ्याने चालवावं. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून पेंग जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोप काढायची. वाहन चालवणं हाच त्यांचा व्यवसाय असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच सांगा. अशा माणसाचं मशीन जुळवून देण्याचं काम कोणीही चार आठवडे लांबवू नये.